टीएसएच वाढलेला, आठवा आठवडा, आणि घरात जुन्या रंगाची धूळ: जड धातू आणि थायरॉइडबद्दल माहिती हवी आहे

पेठेतली_सून | २४ जून, रात्री ११.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे. लिहायची वेळ आज आली.

मी शनिवार पेठेत राहते. पहिलीच वेळ आहे, आठवा आठवडा संपत आलाय. मागच्या आठवड्यात रक्ताच्या पहिल्या तपासण्या झाल्या, त्यात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, ग्रंथी कमी पडली की ते वाढतं) ५.६ आला. मग डॉक्टरांनी अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीजची तपासणी, करायला सांगितलं, तेही वाढलेलं निघालं. हिमोग्लोबिन ९.८. थायरॉक्सिन ५० ची गोळी सुरू झाली. इथपर्यंत मी घाबरले नव्हते. आई आणि मावशी दोघींना थायरॉइड आहे, सकाळची ती गोळी आमच्या घरात नवी नाही.

घाबरले ती परवा. आमचा वाडा जुना. गणपतीच्या आत वरच्या दोन खोल्या करून घ्यायच्या म्हणून दोन आठवडे काम चाललंय. दारं-खिडक्यांवर सासऱ्यांच्या लहानपणापासूनचे ऑइलपेंटचे थर आहेत, हिरव्यावर पिवळा, पिवळ्यावर पांढरा. सुतारकाका ते पॉलिश पेपरनं घासून काढताहेत. धूळ जिन्यावर, माजघरात, वाळत घातलेल्या कपड्यांवर. मी रोज केरसुणीनं झाडत होते. परवा न्यू जर्सीहून नणंदेचा फोन आला. तिला सहज सांगितलं तर ती एकदम म्हणाली, "वहिनी, जुना रंग म्हणजे शिसं. तू त्या घरात थांबूच नकोस." त्यानंतर रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक, सगळेच थायरॉइड बिघडवतात असं जिथे तिथे लिहिलंय.

या धुळीमुळे माझा थायरॉइड बिघडला का? रक्तातलं शिसं तपासावं का? आणि आणखी एक. सासूबाईंनी ओळखीच्या एकांकडून गर्भपाल रस या आयुर्वेदिक औषधाच्या गोळ्या आणल्या आहेत. दहा दिवस घेतल्या. त्यांनी मायेनं आणल्यात, मला त्यांना दुखवायचं नाही. पण चालू ठेवू का?

---

वाचनवेडी | २४ जून, रात्री ११.५८

अभिनंदन गं. बाकी जाणकार सांगतीलच. पण उद्या सकाळी बॅग भर आणि माहेरी जा. काम संपेपर्यंत तिकडेच राहा.

---

प्रसूतिकक्ष | २५ जून, सकाळी ७.१५

मी पुण्यात बावीस वर्षं प्रसूतिशास्त्राचं काम करते. इथे कुणावर उपचार करू शकत नाही, तुमच्या डॉक्टर तुम्हाला बघताहेत आणि त्यांनी वेळेत गोळी सुरू केली हे योग्य झालं. मी फक्त गोष्ट समजावून सांगते.

बाळाची थायरॉइड ग्रंथी साधारण दहा-बारा आठवड्यांनी काम करू लागते. पुरेसं संप्रेरक बनवायला अठरा-वीस आठवडे उजाडतात. तोपर्यंत बाळाचा मेंदू आईच्या टी-फोरवर, म्हणजे थायरॉइडच्या मुख्य संप्रेरकावर, वाढतो. म्हणून आईच्या ग्रंथीला या काळात नेहमीपेक्षा जवळजवळ निम्मं जास्त काम करावं लागतं. ज्या ग्रंथीत आधीच थोडी कुरबुर आहे ती इथे उघडी पडते. तुमच्या अँटीबॉडीज वाढलेल्या आहेत आणि आई-मावशीलाही आहे, तेव्हा हे बहुतेक तुमच्यात आधीपासूनच होतं. अशा अँटीबॉडीज दोन आठवड्यांच्या धुळीनं तयार होत नाहीत. हे अपराधीपण डोक्यातून काढून टाका.

आकड्यांबद्दल: पूर्वी पहिल्या तिमाहीत २.५ च्या वरचा प्रत्येक टीएसएच वाढलेला धरायचो. २०१७ साली अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं सांगितलं की आपल्या भागातल्या गरोदर बायकांचे आकडे उपलब्ध नसतील तर वरची मर्यादा ४ च्या आसपास धरा. तुमचा ५.६ आणि अँटीबॉडीज आहेत, म्हणजे दोन्ही हिशोबांनी गोळी हवीच. साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच करा.

आता एक गोष्ट, जी माझ्या ओपीडीत रोज चुकते. हिमोग्लोबिन ९.८ आहे म्हणजे लोहाची गोळी मिळाली असेल, कॅल्शियमची मिळेल. या दोन्ही गोळ्या थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात. थायरॉक्सिन सकाळी उठल्याउठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासानं. लोह आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. सगळ्या गोळ्या एका डबीत घालून नाश्त्याबरोबर घेणाऱ्या कितीतरी मुली येतात, आणि टीएसएच का उतरत नाही म्हणून डोस वाढत राहतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्यानं थायरॉइडचे आकडे खोटे येतात.

गर्भपाल रसाबद्दल वैद्यांनी लिहावं. माझ्या पेशंटना मी तो थांबवायलाच सांगते.

---

पाषाणचा_रसायनवाला | २५ जून, सकाळी ९.३०

डॉक्टरांशी सहमत. धातूंचं मी सांगतो, आयुष्य प्रयोगशाळेत गेलंय.

नणंदबाई बरोबर बोलल्या. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग, हा नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, नारिंगी रंगांत, शिशाची संयुगं सर्रास असत. रंग भिंतीवर शाबूत आहे तोवर फारसा त्रास नाही. घासला, खरवडला, जाळून काढला की धूळ होते. ती धूळ हाताला लागते, हातातून तोंडात जाते.

त्या कामाबद्दल. कोरडं घासणं आजच थांबवा. पाणी मारून, ओल्या पेपरनं घासायचं. खोलीला प्लॅस्टिकचा पडदा. केरसुणी अजिबात नाही, साधा व्हॅक्यूम क्लीनरही नाही, तो बारीक धूळ मागून परत हवेत सोडतो. ओलं फडकं, दोन बादल्या, फडकं रोज वेगळं. तुम्ही स्वतः पुसू नका. आणि सुतारकाकांना नीट मास्क द्या, जाताना हात-पाय धुऊन कपडे बदलून जायला सांगा. त्यांच्या शर्टावरची धूळ त्यांच्या घरी जाते, तिथेही लहान मुलं असतील. या गोष्टीकडे कुणी बघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तपासणी: हो, करून घ्या. शिरेतून घेतलेल्या संपूर्ण रक्तातलं शिसं. सीरम (पेशी वगळून उरलेलं रक्तातलं पाणी) नको, कारण शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत बसतं. केसांची तपासणी, किंवा औषध देऊन मग लघवीतले धातू मोजतात ती तपासणी, या भानगडीत पडू नका. त्यातून आकडे मोठे येतात आणि अर्थ काही निघत नाही.

थायरॉइडशी संबंध काय? प्रत्येक धातूची वाट वेगळी आहे. थायरॉइडच्या टी-फोरचं कामाच्या टी-थ्रीमध्ये रूपांतर करणारी जी विकरं (एन्झाइम) आहेत ती सेलेनियमवर चालतात, आणि पाऱ्याची सेलेनियमशी घट्ट गाठ बसते. कॅडमियम शरीरात साठतं, मुख्यतः मूत्रपिंडात आणि यकृतात, पण थायरॉइड ग्रंथीतही. गरोदर बायकांवर जे अभ्यास झालेत ते रक्तातले धातू आणि थायरॉइडचे आकडे शेजारी ठेवून बघणारे आहेत. काहींत टी-फोर कमी दिसतं, काहींत अँटीबॉडीज जास्त, काहींत फरकच दिसत नाही. त्यावरून तुमच्या ५.६ चं खापर शिशावर फोडता येत नाही. पण शिसं टाळायचं कारण थायरॉइडपेक्षा मोठं आहे. ते वार (प्लासेंटा) ओलांडून सरळ बाळापर्यंत जातं, नाळेतल्या रक्तात आईच्या जवळपासच असतं, आणि वाढत्या मेंदूसाठी त्याची सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही.

---

खिळेजुळाऱ्याची_लेक | २५ जून, दुपारी २.०५

हे वाचून राहवलं नाही.

माझे बाबा नारायण पेठेत एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे. आम्ही त्याच इमारतीत मागच्या दोन खोल्यांत राहायचो. टाइप म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. झिजलेले खिळे मागच्या अंगणात वितळवायचे आणि आम्ही पोरं ते चकचकीत पाणी बघायला उभी राहायचो. बाबांची बोटं कायम काळी. दुपारी हात झटकून डबा खायला बसायचे. मी शाळेतून आल्यावर खिळ्यांच्या खणांमध्ये हात घालून माझ्या नावाचे खिळे शोधायची, ऱ्हस्व-दीर्घ मी तिथेच शिकले. ऑफसेट आलं, छापखाना बंद झाला, बाबांचं कामही गेलं.

माझ्या पहिल्या वेळी, तेव्हा मी एकोणतीसची, थायरॉइड निघाला. रक्तदाबही वाढत होता. आमच्या डॉक्टरांनी लहानपण कुठे गेलं हे विचारलं. मी सहज छापखान्याचं सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा कळलं की शिसं हाडांत जाऊन बसतं आणि वीस-वीस, तीस-तीस वर्षं तिथेच राहतं. गरोदरपणात बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडांतलं कॅल्शियम सुटतं, त्याच्याबरोबर ते जुनं शिसंही रक्तात उतरतं. अंगावर पाजतानाही तेच. म्हणजे मी दहाव्या वर्षी हाताळलेलं शिसं जवळजवळ वीस वर्षांनी माझ्या मुलीपर्यंत पोचू शकत होतं.

माझ्या रक्तातल्या शिशाचा आकडा डेसिलिटरला ६ मायक्रोग्रॅम आला होता. औषध काही नाही. कॅल्शियम काटेकोर घ्यायला लावलं, रोज दूध, दही, नाचणी. पोटात पुरेसं कॅल्शियम येत राहिलं की हाडांवरचा ताण कमी होतो. मुलगी आता अकरावीत आहे.

बाबांवर माझा राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण पेठांमधल्या कितीतरी घरांत अशी माणसं होती, त्यांच्या मुली आज आया होताहेत किंवा होऊन गेल्यात. म्हणून लिहिलं. डॉक्टर विचारोत न विचारोत, वडील काय काम करत होते ते आपणहून सांगा.

---

वाचनवेडी | २५ जून, दुपारी २.२०

ताई, अंगावर काटा आला. माझे आजोबा बॅटरी दुरुस्त करायचे, आईला आज फोन करते.

---

वैद्य_नारायणपेठ | २५ जून, सायंकाळी ६.४५

मी आयुर्वेदाचा वैद्य. गर्भपाल रसाबद्दल स्पष्ट सांगतो: आजपासून बंद करा आणि डबी घेऊन तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

या कल्पात हिंगुळ असतो, म्हणजे पाऱ्याचं गंधकाशी झालेलं संयुग. नाग भस्म असतं, म्हणजे शिसं. वंग भस्म, म्हणजे कथील. ग्रंथात त्याचा पाठ आहे हे खरं. पण ग्रंथकारांसमोर रक्तातलं शिसं मोजायचं साधन नव्हतं, आपल्यासमोर आहे. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ मध्ये भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं आणि ते २०१२ साली तिथल्या सरकारी साप्ताहिकात प्रसिद्ध झालं. तो अहवाल वाचल्यापासून मी गर्भिणीला रसकल्प, म्हणजे पारा-धातू असलेलं औषध, दिलेला नाही.

कायद्यातही शेड्यूल ई-१ आहे. त्यातली विषारी द्रव्यं असलेल्या औषधांच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असं छापावं लागतं. ओळखीच्या माणसानं पुडीत बांधून दिलेल्या गोळ्यांवर ते कुठून येणार? वेष्टनावर नाग, पारद, हिंगुळ, रससिंदूर, मल्ल, हरताळ यातलं काही दिसलं तर गरोदरपणात घेऊ नका. मल्ल आणि हरताळ म्हणजे आर्सेनिक.

यावरून सगळ्या आयुर्वेदाला झोडपू नये अशी विनंती. शतावरी, मुगाचं कढण, खिरी या गोष्टी वेगळ्या. आणि सासूबाईंना असं सांगा की वैद्यानंच बंद करायला सांगितलंय. त्यांचा मान राहील.

---

पेठेतली_सून | २६ जून, रात्री ९.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आज चिंचवडला आईकडे आले. काम थांबवलंय, ओल्या पद्धतीनंच पुढे करायचं ठरलं. मास्क घेतले. सुतारकाकांना चार वर्षांचा नातू आहे, हे मी आज पहिल्यांदा विचारलं. सासूबाईंना वैद्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, डबी मात्र स्वतःच माझ्या पिशवीत घातली, डॉक्टरांना दाखवायला.

आता स्वयंपाकघराचं सांगाल का? आमच्याकडे पितळी पातेली, हिंडालियमची कढई आहे. मासे आठवड्यातून दोनदा. आई म्हणते मासे बंदच कर.

---

वेंगुर्ला_ते_वारजे | २६ जून, रात्री ९.५०

मासे बंद नका करू हो! आयोडीन, सेलेनियम, चांगली चरबी, सगळं त्यात आहे. निवडायचे कसे एवढं कळलं की झालं. पारा लहान माशाकडून मोठ्या माशाकडे साठत जातो. म्हणून मोठे, शिकारी, जास्त वर्षं जगणारे मासे सोडायचे: मुशी, मोठा कुपा, मोठी सुरमई. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील बिनधास्त खा. आमच्याकडे पोटुशीला मांदेलीचं तिखलं करून घालतात.

---

प्रसूतिकक्ष | २७ जून, सकाळी ७.००

अनुमोदन. मिनामाताची गोष्ट माहीत असेल. १९५६ साली जपानमधल्या त्या गावात पाऱ्याची विषबाधा लक्षात आली. आयांना फारसा त्रास नव्हता आणि बाळं मात्र मेंदूची इजा घेऊन जन्मली, कारण माशातला पारा नाळेतल्या रक्तात आईपेक्षाही जास्त साठतो. ते कारखान्याच्या सांडपाण्यानं झालं होतं, आपल्या बाजारातल्या तारलीशी त्याची तुलना नाही. पण मोठा मासा का टाळायचा ते त्यातून कळतं.

पारा आणखी एका वाटेनं येतो, ती म्हणजे गोरं करणारी क्रीम. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण सापडले. ज्या ट्यूबवर कंपनीचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, ती गरोदरपणात काय, कधीच लावू नका.

---

तांबट_आळीजवळ | २७ जून, सकाळी १०.४०

भांड्यांचं मी सांगतो, आमचा तोच धंदा.

पितळेत थोडं शिसं असू शकतं, कल्हई असेल तर अन्न पितळेला लागत नाही. पण कल्हई शुद्ध कथलाची हवी. कथील महाग म्हणून काहीजण त्यात शिसं मिसळतात, ते आणखी सोपं वितळतं. घरी येणाऱ्या अनोळखी माणसाकडून स्वस्तात कल्हई करून घेतली असेल तर ती भांडी नऊ महिने माळ्यावर ठेवा. चिंच, टोमॅटो, ताक, कोकम त्यात अजिबात नाही.

हिंडालियमबद्दल सांगायला मलाच जड जातं, आम्ही वर्षानुवर्षं विकली. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या काही भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२५ साली जाहीर केलं, त्यात हिंडालियम, इंडालियम ही नावं आहेत. सरसकट प्रत्येक कढई वाईट असं मी म्हणणार नाही, पण नुसतं बघून कळत नाही. स्टीलची आणि लोखंडाची कढई वापरा. लोखंडी कढईतल्या भाजीनं लोहही मिळतं.

---

पाषाणचा_रसायनवाला | २७ जून, दुपारी १२.१५

वरच्याला जोडून दोन गोष्टी.

हळद. हळकुंडं पिवळीजर्द दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट चोळण्याची भेसळ होते. बांगलादेशात ती उघड झाली, सरकारनं कारवाई केली, आणि तिथल्या बाजारातल्या शिसं असलेल्या हळदीचं प्रमाण २०१९ मधल्या ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आलं. म्हणजे ठरवलं तर होतं. हळकुंडं आणून घरी दळली म्हणजे सुटलो असं नाही, कारण रंग वरून चोळलेला असतो. न घासलेली, मळकट दिसणारी हळद घ्या. सुटी हळद घ्यायचीच तर माहितीच्या शेतकऱ्याकडून.

दुसरं शेंदूर. मारुतीला, गणपतीला लावतो तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइडच. देवाला लावा, पण तुम्ही हात लावू नका. अंगारा म्हणून कपाळी, बोट जिभेवर, तर मुळीच नाही. काजळ-सुरम्याचंही तसंच, सुरम्याचा दगड म्हणजे शिशाचं खनिज.

पाणी: खडकवासल्याचं असो की चिंचवडला पवनेचं, आर्सेनिकचा जो प्रश्न गंगेच्या खोऱ्यात आहे तसा आपल्या काळ्या दगडात नाही. शंका असली तर जुन्या पितळी नळांची. रात्रभर नळात साचलेलं पाणी सकाळी धुण्याभांड्याला सोडा, मग प्यायचं भरा. उकळून शिसं जात नाही.

---

निसर्गमार्गी | २७ जून, रात्री ८.३०

मी सहा महिने रोज कोथिंबिरीचा रस आणि सैंधव मीठ घेऊन सगळे जड धातू बाहेर काढले. बाजारातलं मीठ सोडा, त्यानंच थायरॉइड होतो. बहिणीनंही गरोदरपणात हेच केलं.

---

प्रसूतिकक्ष | २७ जून, रात्री १०.०५

तुमचा हेतू चांगला आहे हे मला दिसतंय, म्हणून शांतपणे लिहिते. पण हे असंच सोडून देता येणार नाही, कारण इथे कितीतरी गरोदर मुली वाचताहेत.

कोथिंबीर खावी, छान असते. तिनं रक्तातलं शिसं उतरत नाही. धातू बाहेर काढायची खरी औषधं आहेत, पण गरोदरपणात रक्तातलं शिसं डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅमच्या घरात गेलं तरच त्यांचा विचार होतो, तोही तज्ज्ञांच्या हाताखाली.

मिठाबद्दल मात्र मला तळमळीनं सांगायचंय. गरोदर बाईला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. आपल्या जमिनीत, पाण्यात ते पुरेसं नाही, म्हणून या देशानं १९६२ पासून गलगंडाविरुद्ध कार्यक्रम राबवला आणि मिठात आयोडीन घातलं. ते खाणाऱ्याच्या घरी पोचेपर्यंत दशलक्षात किमान १५ भाग राहावं असा नियम आहे. सैंधवात ते घातलेलं नसतं. कोथरूड, औंध, बाणेरच्या शिकल्यासवरल्या घरांत गेली काही वर्षं गुलाबी मीठच चालतं, आणि त्याच घरांतल्या मुली टीएसएचचा कागद घेऊन माझ्यासमोर बसतात. धातूंची भीती घालून कुणी तुमचं आयोडीनचं मीठ काढून घेत असेल तर ते ऐकू नका. उपासाला एखाद दिवस सैंधव चालेल.

---

आशाताई_मुळशी | २८ जून, दुपारी ३.००

मी आशा सेविका. मोठं लिहिता येत नाही, पण एक राहिलं. मिश्री. आमच्याकडे बाया पाचव्या महिन्यातही मिश्री लावतात. तंबाखूच्या पानात कॅडमियम असतं हे आम्हाला ट्रेनिंगला डॉक्टरांनी सांगितलं. पोटुशी बाई दिवसातून चार वेळा हिरड्यांना चोळते आणि वर म्हणते मला कसलं व्यसन नाही. कुणी मिश्रीला व्यसन म्हणतच नाही. घरात सासू लावते, आई लावते.

अन् माझ्या गावच्या बायांचं एचबी आठ, नऊ. गोळ्या दिल्या तर काळं शौच होतं म्हणून टाकून देतात.

---

प्रसूतिकक्ष | २८ जून, रात्री ९.२०

आशाताई, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुम्ही लिहिलात.

लोह कमी असलं की आतडं जास्तीत जास्त लोह ओढायला बघतं. ज्या दारानं लोह आत येतं त्याच दारानं शिसं आणि कॅडमियमही येतं. म्हणजे तीच धूळ, तीच तंबाखू, पण रक्त कमी असलेल्या बाईच्या अंगात जास्त भिनते. आणि थायरॉइडचं संप्रेरक बनवणारं जे मुख्य विकर, ज्याच्याविरुद्ध पेठेतल्या सुनेच्या अँटीबॉडीज आहेत तेच टीपीओ, त्यालाही लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२ टक्क्यांहून जास्त गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या. धातूंच्या महागड्या तपासण्यांचं पॅकेज घेण्याआधी त्या फुकट मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या पोटात जाऊ देत, थायरॉक्सिनपासून चार तास लांब.

काळं शौच हे गोळीचंच लक्षण आहे, घाबरायचं कारण नाही हे बायांना आधीच सांगून ठेवलं तर गोळ्या टाकत नाहीत, असा माझा अनुभव.

---

भोसरीची_गृहिणी | ३० जून, सकाळी ११.००

माझे मिस्टर बॅटऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये आहेत, मला पाचवा महिना. त्यांचे कपडे मीच धुते. काय करू?

---

पाषाणचा_रसायनवाला | ३० जून, सकाळी ११.२५

वहिनी, आजपासून तुम्ही धुऊ नका. त्यांनी तिथेच आंघोळ करून कपडे बदलून यावं, चपला दाराबाहेर. कामाचे कपडे त्यांनी स्वतः वेगळ्या बादलीत भिजवून धुवावेत, घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. तुमचं आणि त्यांचं, दोघांचंही रक्तातलं शिसं तपासा. डॉक्टरांना 'नवरा बॅटरीच्या कामाला आहे' हे वाक्य पहिलं सांगा.

---

पेठेतली_सून | १४ जुलै, रात्री १०.१५

शिशाचा रिपोर्ट आला. डेसिलिटरला ७.२ मायक्रोग्रॅम.

डॉक्टरांनी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा वर असेल तर स्रोत शोधून तोडायचा, आणि कॅल्शियम-लोह कमी पडू द्यायचं नाही. स्रोत धूळ की गोळ्या ते त्यांना सांगता येईना, दोन्ही गेलंय हे बरं झालं म्हणाल्या. टीएसएच ३.१ वर आलाय. थायरॉइडला कारण अँटीबॉडीजच, शिशाशी त्याची गाठ मारू नकोस, असं त्याही म्हणाल्या.

खरं सांगू, ७.२ वाचून गाडीत बसून रडले. मग खिळेजुळाऱ्याच्या लेकीचा प्रतिसाद परत काढून वाचला.

---

खिळेजुळाऱ्याची_लेक | १४ जुलै, रात्री १०.४०

रड थोडी, चालतं. मग नाचणीचं सत्त्व खा आणि झोप. रक्तातलं शिसं स्रोत तुटला की महिन्या-दीड महिन्यात निम्म्यावर यायला लागतं. हाडातलं राहतं, रक्तातलं जातं.

---

पेठेतली_सून | ८ सप्टेंबर, दुपारी ४.००

गणपती झाले. शनिवार पेठेतल्या घरी परत आलेय, काम संपून, तीनदा ओलं पुसून घेतल्यावर. नवा रंग शिसेविरहित आहे हे डब्यावर बघून घेतलं.

एकोणिसावा आठवडा. शिसं ४.१. टीएसएच २.४, डोस ७५ झालाय. हिमोग्लोबिन १०.९. सोनोग्राफी व्यवस्थित.

सुतारकाकांच्या नातवाचंही रक्त तपासायला आम्ही पैसे दिले. त्याचं ९ आलं. त्याला डॉक्टरांकडे नेऊन आणलं, लोह सुरू झालंय, आणि काका आता कामाचे कपडे आमच्याकडेच मोरीत धुऊन, बदलून घरी जातात. सासूबाईंनी त्यांच्यासाठी मोरीत साबण आणि वेगळी बादली ठेवली आहे.

---

पाषाणचा_रसायनवाला | ८ सप्टेंबर, सायंकाळी ५.३०

त्या मुलाचं दोन-तीन महिन्यांनी परत तपासा. आणि त्याच्या घरची फरशीही ओली पुसायला सांगा. आधीची धूळ अजून तिथे असणार.

---

प्रसूतिकक्ष | ८ सप्टेंबर, रात्री ९.००

छान प्रगती आहे. टीएसएच आता एकदा तिसाव्या आठवड्याच्या आसपास करा. बाळंत झाल्यावर डोस बहुतेक कमी करावा लागेल, सहा आठवड्यांनी परत तपासणी. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड बघतात ती तपासणी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी करून घ्या. दवाखान्यातून लवकर घरी सोडलं तर ती राहून जाते, आपणहून आठवण करावी लागते.

---

पेठेतली_सून | ८ सप्टेंबर, रात्री ९.२५

फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. सासूबाईंनी कालनिर्णयवरही लिहिलंय, नवीन येईल तेव्हा त्याच्या फेब्रुवारीच्या पानावर उतरवणार आहेत.